आधी तुमचं बोट

संध्याने पुन्हा कडी वाजवली, तशी आतली शिलाई मशीन थांबली.

"घरात बायामाणसं नायत," दाराआडून बाईचाच आवाज आला.

संध्याला हसू आवरेना. देशाच्या आरोग्य पाहणीसाठी ती गंगापूरच्या या मुस्लिम मोहल्ल्यात आली होती, आणि सकाळपासून जवळजवळ प्रत्येक दाराने तिला हेच ऐकवलं होतं. तिचे साहेब, बद्रीनाथ, फोनवर म्हणाले होते, "'नकार' अशी नोंद टाका अन् पुढची गल्ली धरा. इथं दर खेपेला असंच होतं."

दर खेपेला. म्हणजे या गल्लीतल्या बायांच्या अंगात रक्त किती, हे आजवर कुणाला कळलंच नव्हतं. पण त्या नको का म्हणतात, हे तरी कुणी विचारलं होतं का?

"मग बोलतंय कोण?" तिने विचारलं.

दार किलकिलं झालं. फॉल लावायची साडी तशीच हातात धरून एक बाई उभी होती. ती फहमिदा.

"नको का म्हणता, तेवढं सांगा ताई. मग जाते मी."

"रक्त कशाला पायजे तुम्हाला? ते बी आमच्याच गल्लीचं?"

"सगळीकडं घेतो. वरच्या आळीत बी घेतलं. फक्त एक थेंब."

"ते आम्ही कुठं पाह्यलं?" फहमिदाने तिच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "आधी तुमचं बोट टोचा."

कितीतरी बायांची बोटं टोचली होती संध्याने. असं कुणी म्हटलं नव्हतं. ती उंबऱ्यावर टेकली, नवी सुई काढली आणि डोळे मिटून स्वतःच्याच बोटाला लावली. समोरची दोन-तीन दारं उघडली. थेंब हिमोग्लोबिन मोजायच्या छोट्या मशीनमध्ये गेला.

"किती?"

"आठ."

"चांगलंय का?"

संध्या आकड्याकडेच पाहत होती. जिना चढताना लागणारी धाप ती आजवर उन्हाच्या नावावर खपवत आली होती.

"नाय. बारा तरी पायजे."

फहमिदा आत गेली. पाण्याचा तांब्या आणि वाटीत खजूर घेऊन आली. "लोकायचं रक्त मोजत हिंडता, अन् स्वतःचं? खाऊन घ्या आधी." मग शेजारी बसून तिने आपला हात पुढे केला. "बघा माझं." समोरच्या दारातल्या शेजारणीलाही तिने हाक मारली, "अदीबा, तू बी ये गं!"

फहमिदाचं नऊ निघालं. "मी तुमच्या पुढं," म्हणत ती खळखळून हसली. संध्या टॅबवर तिची माहिती भरू लागली, तशी ती वाकून बघू लागली.

"अन् तुमचं कुठं लिवलं?"

"माझं नाय लिहायचं. मी या पाहणीत नाय."

"आम्ही बी नव्हतो की," फहमिदा म्हणाली, आणि अदीबाला बसायला जागा व्हावी म्हणून उंबऱ्यावर जराशी सरकली.