धाकटी आणि एक हाक

मी एक जुनी गोल्फची काठी आहे. दारामागे छत्रीच्या शेजारी उभी असते. मित्रांनो, घटकाभर जवळ बसा. देवाने मला जीभ दिली नाही, पण एक शब्द माझ्या अंगात शिरून बसला आहे. तो तुमच्या कानावर घातल्याशिवाय माझा जीव हलका होणार नाही.

माझं डोकं लाकडी आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने ते तासून, घासून, तेल पाजून घडवलं. मला विकत घेतलं दातांच्या डॉक्टरांनी. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारा हा माणूस सुट्टीच्या सकाळी हिरवळीवर ताठ उभा राही. मी चेंडूला भिडले की असा गोड आवाज होई, की बाकीचे खेळाडू माना वळवत. घरी आल्यावर डॉक्टर मला दात घासायच्या मऊ ब्रशने साफ करत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणत, "आधी तुमच्या धाकटीची आंघोळ होऊ द्या, मग थोरलीकडे बघा." तेव्हापासून मी धाकटी झाले.

डॉक्टरांची लेक विमा विकते. बाबा परदेशी खेळायला निघाले, तेव्हा तिनेच त्यांचा प्रवासविमा उतरवला. काठ्या हरवल्या, मोडल्या, विमान चुकून खेळाचा दिवस बुडाला, चेंडू कुणाला लागला, सगळं त्यात बसत होतं. एकाच फटक्यात चेंडू खळग्यात गेला, तर सोबत्यांना द्यायच्या पार्टीचा खर्चसुद्धा. डॉक्टर हसून म्हणाले, की आता काही वाईट घडायला जागाच उरली नाही.

इथवर माझ्या कथेचा पूर्वरंग. आता सूर खाली उतरतो.

परदेशातल्या त्या मैदानाच्या कडेला झुडपांची रांग होती. डॉक्टरांनी मला फिरवलं. चेंडू माझ्या मधोमध बसला नाही, टोकाला लागला आणि झुडपांवरून वळला. पलीकडे एक माळी वाकून गवत कापत होता. अशा वेळी सगळीकडचे खेळाडू 'फोर' असं ओरडतात. ते ऐकलं की माणूस डोकं झाकून खाली बसतो. डॉक्टरांना हे पक्कं ठाऊक होतं. पण घाबरल्या माणसाच्या तोंडी आईचीच भाषा येते. ते जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, सरका!"

माळी सरकला नाही. कोण काय ओरडतंय, हे बघायला त्याने मान वर केली. चेंडू डोळ्यावर बसला.

लोकांनी त्याला उचलून नेलं. डॉक्टर इस्पितळात जाऊन त्याचे पाय धरणार होते. त्याआधी त्यांनी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, जाऊ नका. माफी म्हणजे कबुली. कंपनीला न विचारता चूक कबूल केलीत, तर ते हात वर करतील, आणि त्या बिचाऱ्याचेच उपचार अडतील."

लेक खोटं बोलत नव्हती. तशी अटच होती. डॉक्टर इस्पितळात गेले नाहीत. उपचार उत्तम झाले. डोळा मात्र गेला.

घरी आल्यावर मला कुणी पुसलं नाही. माझं तेल सुकलं. दुपारी डॉक्टर आडवे झाले की झोपेत पुटपुटत, "सरका." काकू बिचाऱ्या पलंगाच्या कडेला सरकत. एकदा त्या म्हणाल्या, "आणखी कुठे सरकू? आता भिंतीत शिरू का?" डॉक्टर जागे झाले आणि उशीत तोंड खुपसून रडले. त्या दिवशी काकूंना सगळं कळलं.

दवाखाना पुढच्याच खोलीत आहे. खुर्चीत रेललेला माणूस तोंड उघडून वर बघू लागला, की त्याच्या डोळ्यांकडे पाहून डॉक्टर हातातलं अवजार खाली ठेवून देत. हळूहळू त्या खोलीचं दार बंदच राहू लागलं. आणि दारातून वारा आला की माझ्या दांड्यातूनही तोच शब्द घुमे. छत्री माझ्यापासून जरा लांब कलली आहे, असं मला वाटे.

मग एकदा लेक हसत आली. प्रकरण मिटलं होतं. कंपनीने माळ्याला सगळी भरपाई दिली होती. काकूंनी शांतपणे विचारलं, "तुझ्या विम्यात सगळं बसतं म्हणाली होतीस. मग ह्यांची माफी कशात बसते?"

लेकीने कंपनीत विचारलं. आता माफीला कुणाची आडकाठी नव्हती. तिने माळ्याचा नंबर मिळवून फोन लावला आणि स्वतः दुभाषी झाली. ज्या तोंडाने माफी अडवली होती, त्याच तोंडाने तिला ती पोचवावी लागली.

माळ्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने एकच गोष्ट विचारली. लेकीने ती बाबांना सांगितली. "बाबा, ते विचारताहेत, त्या दिवशी तुम्ही काय ओरडलात? त्यांना इतके दिवस वाटत होतं, की तुम्ही त्यांना शिवी दिलीत."

डॉक्टर म्हणाले, "सरका म्हणजे बाजूला व्हा. सांभाळा. आणि अहो... अहो आम्ही मान द्यायचा असेल त्याला म्हणतो."

क्षमा केली, असं माळी म्हणाला नाही. त्याने फक्त तो शब्द आपल्या जिभेवर घोळवून पाहिला. "अहो, सरका." पुन्हा एकदा, अगदी हळू. "अहो, सरका."

आता दवाखान्याचं दार उघडं असतं. डॉक्टर मैदानावर मात्र गेले नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात उभं असेल, तर त्याला अधूनमधून तेल लावा. पण त्याआधी तुमचा एखादा शब्द वाटेत अडकला असेल, तर त्याला त्याच्या माणसापर्यंत पोचवा. कुणीतरी त्याला शिवी समजून उराशी धरून बसलं असेल.

वारा अजून येतो, मी अजून घुमते. फक्त आता तो आवाज डॉक्टरांचा नसतो. तो त्या माळ्याचा असतो, आणि 'अहो' म्हणताना तो किंचित थांबतो.