उकंड्याची रीत

“नुसतं दूधच हाये. चाय कुठं हाये यात?”

उकंडरावांनी हे बशीला सांगितलं, पण ऐकलं किटली घेऊन त्यांच्यापुढं वाकलेल्या बसंतकौरनं. तिनं दुसरी बशी भरली. म्हाताऱ्यानं तीही फुर्र करून संपवली.

भगवानराव खाटेवर असे बसले होते, जणू ती खाट त्यांच्याच मेहेरबानीनं उभी होती. फाळणीत सगळं मागं टाकून गुरदित्तसिंग आणि बसंतकौर उंद्रीत आले, लाकडाची वखार टाकली, तेव्हापासून भगवानरावांनी या ओसरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. चौकटीला लाकूड लागलं तर गडी पाठवत. आज मात्र कडक टोपी घालून, चुलते उकंडरावांना पुढं आणि बायको तानुबाईला मागं घेऊन स्वतः आले होते. तेही गुरदित्तसिंग चिखलीला गेलेला पाहून. कारण त्यांचं बापपण धोक्यात आलं होतं.

बसंतकौरनं वाढवलेली जसबीर नांदेडला अमृत घ्यायला, म्हणजे शीख धर्माची दीक्षा घ्यायला निघाली होती. गुरुद्वाऱ्यात अमृत घेतलं की बाप गुरू गोविंदसिंग आणि माय साहिब कौर, असं मानतात. ही बातमी चावडीवर पोचली तेव्हा भगवानरावांना एकदम आठवलं, की या पोरीचा बाप आपण आहोत. तोवर आठवायचं काही कारण पडलं नव्हतं. पोरगी गोवरानं फणफणली तेव्हा पडलं नाही, शाळेत गेली तेव्हा पडलं नाही. आता मुलाची सोयरीक देऊळगाव राजाला ठरत होती, आणि तिकडच्यांनी हसत हसत विचारलं होतं, “तुमची एक पोरगी सरदार होऊन राह्यली म्हणे?” झालं. बाप जागा झाला.

“बाप काय टोपी हाये बदलाले?” भगवानराव म्हणाले. “सरदारीणबाई, तुम्ही परमुलखातल्या. तुमाले आमची रीत माहीत नव्हती. हिच्या आधीचं लेकरू राह्यलं नाही, म्हणून हिले उकंड्यावर टाकलं. टाकायचं, शेजारणीनं उचलायचं, आन् आपण सूपभर दाणे देऊन परत घ्यायचं. टाकलेलं लेकरू म्हटलं का यम त्याच्याकडं पाहत नाही. मंधातच तुम्ही आल्या आन् नेलं. तुमची चूक झाली, आम्ही मोठ्या मनानं पोटात घातली.”

बसंतकौरच्या हातातली किटली जड झाली. उकिरड्यावर लेकरू टाकायची ही रीत तिला फार उशिरा कळली होती, विहिरीवरच्या बायांच्या खिदळण्यातून. ‘सरदारणीनं दुसऱ्याचं लेकरू पळवलं’ म्हणत त्या तोंडाला पदर लावायच्या. तेव्हापासून जसबीर आजारी पडली, की बसंतकौरला वाटायचं, चोरीचा माल आहे, परत मागून घेतला तर? पण कोणाला विचारायची तिची छाती झाली नाही. गावानंही रीत हा शब्द पांघरुणासारखा असा घट्ट धरून ठेवला, की त्याखाली चार घरं निर्धास्त झोपत होती.

पीठ माखलेल्या हातांनी जसबीर दारात आली. पहाटेचा जपजीचा पाठ चुकवत नसे ती. तिच्या पंजाबीत वऱ्हाडी घुसायची. जालन्याच्या गुरुद्वाऱ्यातले ग्यानीजी आधी हसायचे, मग डोळे मिटून ऐकायचे.

“माय, हे मले न्यायले आले का?”

“न्यायचं नाही वं पोरी,” भगवानराव गडबडले. नेण्याचा खर्च त्यांनी धरलेला नव्हता. “फक्त ते अमृत नको घेऊ. लोक काय म्हनतीन?”

“म्हंजे राहू इथंच, खाऊ यांचंच, आन् नाव तुमचं सांभाळू?”

“मोठ्याच्या मंधात बोलू नको.”

“माह्याबद्दलच चाललं हाये म्हणून बोलते. माह्या मायनं मले कधी अमृत घे म्हटलं नाही. मलेच ते गुरूचं घर आपलं वाटते. तिथं पंगतीत बसलं का कोणाची तू, असं कोणी इचारत नाही.”

भगवानरावांनी शेवटचा पुरावा काढला. “काका, सांगा या दोघींले. तुमालेबी टाकलं व्हतं ना?”

उकंडराव खुलले. त्यांच्या जन्माची गोष्ट ऐकायला हल्ली कोणी बसत नसे. “हाव तं! म्हणून तं उकंडराव! चांगलं ऊन पडलं व्हतं. बाया जमल्या व्हत्या. खाली मऊ धडोतं अंथरलं. माही माय दोन हाताच्या अंतरावर उभी, डोळ्याले पदर लावून. मले मुंगी चावाच्या आत शेजारणीनं उचललं म्हणते.”

बसंतकौरनं किटली खाली ठेवली.

“मुंगी चावाच्या आत?” ती हळूच म्हणाली. “मी हिले उचललं तवा नीट उजाडलं नव्हतं. हिच्या कानात मुंग्या व्हत्या. आंग थंड पडलं व्हतं. वाहेगुरू साक्षी हाये, मी चारी बाजूनं हाका मारल्या. ती शेजारीण कुठं व्हती, भगवानराव?”

“असंल... तिले उशीर झाला असंल.”

“कोण व्हती ती?”

भगवानरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. उकंडराव रिकाम्या बशीत पाहू लागले. जसबीर कोणाकडंच पाहत नव्हती. बोटांचं पीठ सोलून काढत होती.

“रीत म्हटली का मागंपुढं होतेच,” भगवानराव म्हणाले. “तानू, सांग ना वं. तू तं माय हायेस.”

तानुबाई आल्यापासून खांबाला टेकून बसली होती, चहालाही हात न लावता. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि जसबीरकडं नाही, नवऱ्याकडंही नाही, बसंतकौरकडं पाहिलं.

“शेजारीण सांगितलीच नव्हती, बाई. रीतबीत काही नाही. पोरगी झाली म्हणून मराले टाकली व्हती.”