दहा बोटं आणि एक जुना चिमटा

चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तव्यावरची पोळी येते, हे मला चांगलं ठाऊक आहे. मित्रांनो, तो माझा लांबचा नातलग. मी एक जुना चिमटा आहे खरा, पण काटा काढायचा. माझी लांबी तुमच्या करंगळीएवढी. माझा मान मात्र एके काळी गावात डॉक्टरएवढा होता.

भडगावच्या तोताराम लोहारानं मला करवतीच्या तुटक्या पात्यातून घडवलं. आधी भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकलं, मधोमध वाकवलं आणि माझी दोन्ही टोकं कानशीनं घासली. मी केस धरू शकतो का, हे पाहायला त्यानं माझ्याकडून स्वतःच्या मिशीचा एक केस उपटून घेतला. केस निघाला, तोताराम कळवळला आणि मी पास झालो. एका कडीत मला आणि एका कानकोरणीला अडकवून त्यानं आम्हाला विकायला ठेवलं.

आम्हाला घेतलं चिंधानानांनी. तेव्हा ते नाना नव्हते, नुसते चिंधा होते. गिरणाकाठच्या एका गावात त्यांची कापसाची शेती. त्यांनी आम्हाला करदोड्याला बांधलं आणि तेव्हापासून त्यांच्या कमरेशी माझा मुक्काम पडला. कानकोरणी बिचारी एकदा नदीत पोहताना गळून गेली. तिची आठवण अजून येते, कारण रिकाम्या वेळी गप्पा मारायला तीच एक होती.

रिकामा वेळ तसा फार नसायचा म्हणा. बांधांवर बाभळी, बोरी, हिंगणबेट, आणि माणसं अनवाणी. कोणाच्या तळपायात काटा मोडला की तो लंगडत नानांच्या ओट्याकडे येई. नाना पाय मांडीवर घेत, अंगठ्यानं दाबून काट्याचं डोकं शोधत आणि मला पुढं करत. ‘चिंधाचा हात हलका’ असं पंचक्रोशीत म्हणत. हात त्यांचा आणि टोक माझं, पण मी कधी तक्रार केली नाही. निघालेला काटा तळहातावर ठेवून माणूस जे हसतो, ते मलाही पोचत असे.

मग दिवस पालटले. बांध साफ झाले, पायांत बूट आले. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं. हातही थरथरू लागला. गेल्या वर्षी शेजारची मोहिनी पायात काटा घेऊन आली, तेव्हा त्या थरथरीत मी काट्याऐवजी मांसातच घुसलो. रक्त आलं, पोर किंचाळली आणि तिची आई तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेली. नानांना कोणी एका शब्दानं बोललं नाही. तेच त्यांना लागलं. त्या दिवसापासून त्यांनी मला हातात घेणं सोडलं. मी करदोड्याला होतो, पण नुसता लोंबत. एकदा त्यांच्या मुलानं, नवलनं, मोबाइलमधलं सिमकार्ड काढायला मला नेलं आणि माझं एक टोक वाकवून आणलं. सांगायला लाज वाटते, पण माझं तोंड मिटेनासं झालं.

आता खरी गोष्ट ऐका.

नवलची बायको सुलक्षणा. लग्नानंतर तिनं मराठी टायपिंगचा वर्ग लावला. घरचं सगळं आवरून, कापूस वेचून ती सरावाला भडगावला जायची. परीक्षेत दोनदा नापास झाली, कारण दोन्ही वेळा वेळ संपला आणि उतारा उरला. ही तिसरी आणि शेवटची खेप, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. डिसेंबरातला दिवस होता आणि केंद्र जळगावला होतं. नवल कापूस घेऊन जिनिंगच्या गिरणीत गेलेला, म्हणून सोबत नाना निघाले. म्हणजे मीही निघालो.

एसटीनं आम्हाला अकरालाच पोचवलं. परीक्षा तीनला होती, अडीचला आत जायचं होतं. केंद्राच्या फाटकाशी बाकीच्या मुली एकमेकींना आपापला वेग सांगत होत्या. ते ऐकून सुलक्षणाचा चेहरा उतरत चालला. नानांना ते बघवेना.

"आठे बसीसन घाबरापेक्षा चाल, समोरली बाग देखी येऊत," ते आमच्या अहिराणीत म्हणाले.

समोर होती निवडुंगांची सरकारी बाग. मित्रांनो, तुम्हाला जत्रेत जे वाटतं ते मला त्या फाटकातून आत जाताना वाटलं. जिकडे पाहावं तिकडे काटे! उखळाएवढे गोल निवडुंग, त्यांच्यावर पिवळ्या काट्यांच्या रांगा. माणसापेक्षा उंच खांब. गुलाबाच्या फुलासारखी मांडणी केलेली जाड पानं. लाल काटे, पांढरे काटे, आकड्यासारखे वळलेले काटे. आयुष्यभर मी काट्यांशी वैर केलं, पण इतकं देखणं वैरी घराणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका कोपऱ्यात कुंपण घालून, पाटी लावून एक झाड ठेवलं होतं. नाना त्याच्यापुढे थबकले आणि पोटभर हसले.

"हाऊ ते आपला बांधवरला फड्या! याले आम्ही कुदळखाल खंदी फेकूत, आठे त्याले पाटी शे!"

सुलक्षणाही हसली. सकाळपासून पहिल्यांदा. पदर सावरत ती दोन पावलं पुढं गेली आणि एका वाफ्यापाशी थांबली. तिथं सशाच्या कानांसारखी चपटी हिरवी पानं होती आणि प्रत्येक पानावर ओळीनं पांढरे शुभ्र, मऊ पुंजके.

"नाना, देखा नं, कसा कापूस फुटेल शे!"

‘हात लावू नये’ ही पाटी तिथंच होती. सुलक्षणानं ती वाचलीही. पण दहा वर्षं कापूस वेचणारे हात, त्यांना कुठं वाचता येतं? बोंड दिसलं की ते पुढं जाणारच. आणि वेचणारीचा एक हात जात नाही, दोन्ही जातात. तिनं दोन्ही हातांच्या दहाही बोटांनी ते पुंजके अलगद चिमटीत धरले, अगदी झाडावरचा कापूस धरतात तसे.

"माय वं!"

तो कापूस नव्हता. ते काटेच होते, केसाहून बारीक, एकेका पुंजक्यात शेकड्यांनी. घाबरून तिनं हात साडीला पुसले, एकमेकांवर चोळले. मी नानांच्या कमरेशी तडफडलो, कारण काट्याच्या बाबतीत याहून मोठी चूक नाही.

"चोळू नको! चोळं का काटा अजून मझार जास," नाना ओरडले.

सुलक्षणानं बोटं डोळ्यांसमोर धरली. बोटांची दहाही टोकं लाल झाली होती. तिनं एक बोट पिशवीवर नुसतं टेकवून पाहिलं, जसं कळफलकावर टेकवावं तसं, आणि झटकन मागं घेतलं.

"बठ्ठा बोटस्मा काटा शेतस, नाना. आते मी टायपिंग कशी करसू?" आणि ती भर बागेत रडू लागली.

नाना मटकन बाकावर बसले. "मीच तुले आठे लई ऊनू," तिला इथं आणल्याचा दोष स्वतःला देत ते पुटपुटले.

रडणं ऐकून बागेत काम करणाऱ्या कोकिळाबाई खुरपं टाकून आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कापूस वाटला ना? आमच्याकडे रोज एक तरी बाई फसते. रडू नका ताई. थांबा, चिकटपट्टी आणते."

कोकिळाबाई कामाच्या पक्क्या. बोटाच्या टोकावर चिकटपट्टी दाबायची आणि सरकन ओढायची, नवी पट्टी, पुन्हा दाबायचं. प्रत्येक पट्टीवर काट्यांची बारीक कूस दिसे. दहा बोटं, प्रत्येकाला चार-पाचदा. मी पाहत होतो आणि खरं सांगतो, मला थोडा हेवा वाटला. एका कागदी पट्टीनं माझं काम करावं! पण दीड वाजला तेव्हा कोकिळाबाईंनी मान हलवली.

"वरवरचे निघाले. जे चोळून आत गेलेत ते पट्टीला येत नाहीत. सात-आठ असतील. त्याला बारीक टोकाचा चिमटा पाहिजे आणि काढणारा माणूस पाहिजे. आमच्या पेटीतला चिमटा आहे, पण तो जाड आहे."

सुलक्षणानं नानांच्या कमरेकडे पाहिलं. मोहिनीचा पाय रक्ताळला तेव्हा ती तिथंच उभी होती, हे नानांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"मन्हा हात थरथरस, पोरी. माले जमाव नही."

"नाना, तीनले परीक्षा शे."

नाना उठले. मला करदोड्यातून सोडवलं. माझं वाकलेलं टोक त्यांनी बोटानं चाचपलं आणि वाफ्याच्या कडेच्या दगडावर मला घासू लागले. कित्येक वर्षांनी अंगावर दगड फिरत होता. दुखलं, पण ते दुखणं मला हवंहवंसं वाटलं. दोन्ही टोकं पुन्हा एकमेकांना भिडली. नानांनी मला मिशीला लावलं, माझ्याकडून एक पांढरा केस उपटून घेतला आणि मान डोलावली.

पण खरी अडचण पुढंच होती. सुलक्षणाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तिनं नानांच्या हातात कधी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नव्हता. समोर ठेवायची आणि बाजूला व्हायची. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा, तोही चारचौघांत? आमच्याकडे हे कोणी पाहिलेलं नाही. नानांनी तिला हात बाकाच्या पाठीवर ठेवायला सांगितला आणि लांबूनच मला पुढं केलं. मी हवेत भुंग्यासारखा थरथरलो. एकदा हुकलो. दुसऱ्यांदा हुकलो. तिसऱ्यांदा टोचलो.

नानांनी मला मागं घेतलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

तेव्हा सुलक्षणानं काय केलं, तर डावा हात सरळ नानांच्या मनगटाखाली दिला आणि त्यांचा हात उचलून आपल्या उजव्या तळव्यावर टेकवला.

"हात धरा नं मन्हा, नाना! मी काय परकी शे?"

आणि मित्रांनो, थरथर थांबली. अगदी संपली नाही, पण टेकू मिळालेल्या वेलीसारखा हात स्थिर झाला. बाजूनं येणाऱ्या उन्हात नानांच्या चांगल्या डोळ्याला पहिली कूस चमकताना दिसली. मी ती धरली. ज्या वाटेनं आत गेली होती, त्याच वाटेनं नानांनी तिला सावकाश ओढून बाहेर काढलं.

"निंघना!"

मग नानांनी आपली जुनी विद्या बाहेर काढली. दुखणाऱ्या माणसाला बोलतं ठेवायचं आणि तो बोलत असताना ओढायचं.

"हाई बोट कोणतं अक्षर लिखस?"

"हाई काना. हाई स. करंगळी य लिखस."

एकेका अक्षराबरोबर एकेक काटा निघत गेला. सर्वांत हट्टी काटा उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होता. हे बोट ‘र’चं. चार वेळा तो माझ्या तोंडातून सुटला.

"काढा नाना, ‘र’ बिगर जमाव नही."

"हाव, ‘र’ नही ते रामराम भी लिखता येवाव नही!" नाना म्हणाले. ती फस्सकन हसली आणि त्या हसण्यात मी काटा मुळापासून उचलला.

सव्वादोन वाजले होते. कोकिळाबाईंनी सुलक्षणाच्या बोटांना खोबरेल तेल लावलं, पुसलं. सुलक्षणानं बोटं हवेत नाचवून पाहिली. "बठ्ठं निंघनं," ती म्हणाली आणि पदर खोचून फाटकाकडे पळाली. नाना मला मुठीत धरून केंद्राबाहेर बसून राहिले. करदोड्याला बांधायचंच विसरले. त्यांच्या मुठीतला घाम मला अजून आठवतो.

चारच्या सुमाराला ती बाहेर आली. धावत नव्हती, म्हणून नाना घाबरले. जवळ आल्यावर कळलं, ती हसू दाबत होती.

"उतारा पुरा व्हयना, नाना. वरथून वेळ उरना!"

उतारा पूर्ण होऊन वर वेळही उरला, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. नानांच्याही आला असणार, कारण त्यांनी एकदम दोन चहा मागवले आणि एकही न पिता एसटी पकडायला चालू लागले.

बसस्थानकावर गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं सुलक्षणानं हळूच डाव्या हाताची करंगळी पुढं केली. ती सुजून लाल झाली होती.

"नाना, एक राहिना."

नानांनी चष्मा वर केला. "हाई बोट काय लिखस?"

"अनुस्वार."

उतारा होता सरकारी. संबंधितांनी, अंमलबजावणीसंदर्भात, अंतिम दिनांकापर्यंत. प्रत्येक शब्दाला टिंब. म्हणजे पोरीनं प्रत्येक टिंबाला काटा दाबला होता आणि हूं की चूं केलं नव्हतं.

"तव्हय सांगं काबरं नही?"

"तुमना हात थकेल व्हता."

नानांचा ऑपरेशन झालेला डोळाही पाण्यानं भरला. फलाटावर शंभर माणसं होती, गावची चार ओळखीचीही होती. नानांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांनी सुनेचा हात आपण होऊन आपल्या हातात घेतला, गुडघ्यावर टेकवला आणि मला पुढं केलं.

निकाल पुढं लागला. सुलक्षणा पास झाली. पण मी पास कधी झालो म्हणाल, तर त्या बाकावर.

मित्रांनो, घरातल्या जुन्या हत्याराला गंज चढू देऊ नका, अधूनमधून दगडावर घासत जा, हे तर मी सांगेनच. माझा त्यात स्वार्थ आहे. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. तुमच्या घरात कोणाचा हात थरथरू लागला असेल, तर त्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्याच्याखाली फक्त आपला हात द्या.