मॅकार्डलच्या फाटकावरच्या चिठ्ठ्या

समोरच्या बाजूच्या वकिलानं खोका टेबलावर ठेवला तेव्हा आर्डिसला वाटलं, यात नकाशे असतील. नकाशांची तिची तयारी होती. तिच्या वडिलांनी, वेंडेल लिंडव्हालनी, आयुष्याची शेवटची दोन वर्षं नकाशांतच काढली होती. काउंटीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर ओढ्याकाठून डोंगरापर्यंत गेलेली एक तुटक रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला सरकारी मालकीची सात हजार एकर जमीन. कुणीही जावं, शिकार करावी, तंबू ठोकावा अशी सगळ्यांची जमीन. फक्त तिच्या चारी बाजूंनी एकच खाजगी रँच होती. पूर्वी ती मॅकार्डलची होती. सहा वर्षांपूर्वी त्याच्या वारसांनी ती विकली. नवा मालक वर्षातून दोन आठवडे स्वतःच्या विमानानं येई, आणि त्यानं पहिल्याच हिवाळ्यात फाटकाला साखळी घातली. रस्ता सार्वजनिक ठरला तर डोंगर पुन्हा गावाचा, नाहीतर त्या माणसाचं परसदार. खटला एवढाच होता. तो वेंडेलनी लावला, आणि सुनावणीला सात आठवडे उरले असताना मार्चमध्ये ते गेले. साक्षीच्या खुर्चीत आता त्यांची मुलगी बसली होती.

खोक्यातून चिठ्ठ्या निघाल्या.

त्या पाहताक्षणी तिनं ओळखल्या. म्हाताऱ्या मॅकार्डलनं फाटकाच्या खांबाला एक पत्र्याची पेटी ठोकली होती. पेटीत चिठ्ठ्यांचं पॅड आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. वर जाणाऱ्यानं नाव, गाडीचा नंबर आणि तारीख लिहून टाकायची. त्यानं कधी कुणाला अडवलं नाही. बर्फात कोणी वर अडकलं तर शोधायला कोणाला जायचं हे कळावं, एवढ्यासाठी ती पेटी. खोऱ्यात सगळीकडे हीच रीत होती. चिठ्ठी न टाकता जाणारा माणूस वाईट वळणाचा समजला जाई. मॅकार्डलनं त्या सगळ्या कोठारात जपून ठेवल्या होत्या, आणि नव्या मालकानं कोठारासकट रँच घेतली होती.

वकील आवाज न चढवता बोलणारा होता. एक चिठ्ठी पुढे करून त्यानं विचारलं, अक्षर कोणाचं. तिनं सांगितलं, वडिलांचं. मग त्यानं दुसरी पुढे केली. मोठी गोल अक्षरं, पेन्सिल दाबून दाबून लिहिलेली, आणि कडेला खराट्यासारख्या शिंगांचं एक एल्क हरीण.

"आणि हे?"

"माझं."

"वय काय होतं तुमचं?"

"नऊ."

"जरा वाचून दाखवता?"

तिनं वाचलं. "मिस्टर मॅकार्डल, तुमच्या जमिनीवरून जाऊ दिल्याबद्दल आभार. वेंडेल आणि आर्डिस लिंडव्हाल."

चिठ्ठी लिहिणं हे तिचं काम असे. वडील गाडीतून सांगत, ती खाली उतरून लिही. आभार राहिले तर ते तिला पुन्हा खाली पाठवत. सतराव्या वर्षापर्यंत तिनं ते केलं होतं, आणि खोक्यात त्या सगळ्या वर्षांची तारीखवार चळत होती.

"म्हणजे तुम्ही परवानगी घेऊन जात होता."

"आम्ही सांगून जात होतो."

"हक्काच्या वस्तूबद्दल कोणी आभार मानतं का, मिस लिंडव्हाल?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. तिच्याजवळ उत्तर होतं. तिच्या घरात मानत, मीठ पुढे सरकवल्याबद्दलसुद्धा मानत. पण वकील तोवर खाली बसला होता.

निकाल जूनमध्ये आला. परवानगीनं वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही, रस्ता खाजगी आहे. चौथ्या पानावर तिचं नऊ वर्षांच्या वयातलं वाक्य अवतरणचिन्हांत छापलं होतं. ते पान घेऊन ती वडिलांच्या गॅरेजमध्ये गेली. हत्यारं आकारानुसार टांगलेली, प्रत्येकाभोवती खडूनं आखलेली रेघ. त्या नीटनेटकेपणाचा तिला इतका राग आला की तिनं दिवा न मालवताच दार ओढून घेतलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि भांडण तर चांगलं मोठं होतं.

एमेट झुपान, वडिलांचा शिकारीतला जोडीदार, दुसऱ्या दिवशी आला आणि पायरीवर बसला.

"चाळीस वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो, पोरी. एकदाही चिठ्ठी टाकली नाही. तुझा बाप मला रानटी म्हणायचा. आता बघ, अख्ख्या गावात कायदा कळणारा एकटा मीच निघालो."

"मग कोर्टात सांगायचं होतंत."

"सांगितलं की. जज म्हणाला, एका उद्धट माणसानं रस्ता सार्वजनिक होत नाही."

तिला हसू आलं आणि त्याचाही राग आला.

सप्टेंबरात रँचच्या मॅनेजरचं पत्र आलं. त्या लहान मुलीची चिठ्ठी वाचून मालकांना भरून आलं होतं. वडिलांच्या स्मरणार्थ शिकारीच्या हंगामातला एक दिवस ती वर जाऊ शकते, सोबत रँचचा वाटाड्या असेल. जोडलेलं परवानगीपत्र फक्त सही करून पाठवावं. आर्डिसनं पत्र दोनदा वाचलं. निकालानं आला नव्हता एवढा संताप तिला या पत्रानं आला. सही करणं म्हणजे रस्ता त्यांचा हे मान्य करणं.

तिनं आपल्या वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अपिलात दम नाही. नवा दावा उभा करायचा तर लोकांनी उघडपणे, कोणाला न विचारता, स्वतःचा हक्क समजून पाच वर्षं त्या रस्त्यानं जायला हवं. दर खेपेला गुन्हा दाखल होईल, दंड होईल. असा सल्ला मी देऊ शकत नाही, असं म्हणून बाईंनी तेच सगळं पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ती फाटकाशी गेली. बंदूक तिनं घरीच ठेवली होती, म्हणजे प्रश्न फक्त रस्त्याचा राहील. खांबांना 'प्रवेश बंद'चा नारिंगी रंग फासला होता. पेटी आता प्लास्टिकची होती, आतल्या कागदांवर "मालकांच्या सौजन्याने" असं छापलेलं. सोबत आलेल्या एमेटचं कंबरडं गेलेलं, तो गाडीत बसून राहिला. ती फाटकावरून चढून पलीकडे उतरली आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली. ओढ्याची दोन वळणं मागे पडली तेव्हा मॅनेजर चारचाकी मोटारसायकलवरून आला. तरुण होता, टोपी काढून बोलला.

"मॅडम, तुम्हाला तर आम्ही बोलावलंच होतं. आत्ता सही केलीत तरी चालेल. मी आजचीच तारीख घालतो."

त्यानं खिशातून कागद आणि पेन काढलं. पेनाचं टोपणसुद्धा त्यानं स्वतः काढून दिलं. सवयीनं तिच्या ओठांवर आभार आले. तिनं ते गिळले.

"नको. मी विचारून आलेले नाही आणि विचारणारही नाही. बोलवा शेरीफला."

तास-दीड तासानं शेरीफचा डेप्युटी हॉस्किन्स आला. वेंडेलच्या दफनाला शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता. त्यानं बॉनेटवर कागद ठेवून गुन्ह्याची नोंद केली आणि खाली बघत तिच्याकडे सरकवली. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'परवानगी आहे अशा गैरसमजातून'.

"हे खोडा," ती म्हणाली.

"आर्डिस, अगं, मी तुझ्या भल्यासाठी लिहिलंय. दंडसुद्धा नाही होणार."

"माहीत आहे. खोडा. परवानगी नाही हे ठाऊक असून, असं लिहा."

मॅनेजर दुसरीकडे बघू लागला. हॉस्किन्सनं ओळ खोडली, नवी लिहिली आणि पेन खिशात घातलं.

"वेंडेलला हे आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं," आर्डिस म्हणाली. "तारीख-वेळ टाकली का त्यावर?"