टोपी न काढणारी माणसं

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या नॅन्टकेट बेटावर राहणाऱ्या, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची एक खोड जगजाहीर होती. समोर राजा असो की कोळी, ते त्याला ‘तू’ म्हणायचे आणि देवाखेरीज कुणापुढे टोपी काढायचे नाहीत. डॉर्कस पिंकहॅम तर त्यातही हट्टी. इंग्रजांशी लढाई जुंपलेली, बेटाची नाकेबंदी झालेली, घरातलं मक्याचं पीठ संपत आलेलं. अशात तिचा नवरा एनॉक मासे धरायला गेला आणि इंग्रजांच्या लढाऊ जहाजाने त्याला होडीतून उचलून नेलं. डॉर्कसने शेजारच्या म्हाताऱ्या लॅथमला वल्ह्यावर बसवलं आणि थेट ते जहाज गाठलं.

तिला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. एनॉक जन्माने इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा. कोवळ्या वयात त्याला धरून इंग्रजांच्या आरमारात कोंबलं होतं. चाबूक खाऊन खाऊन एक दिवस तो पळाला आणि बेटावर येऊन क्वेकर झाला. हे कळलं तर फाशीच. आणि अजूनही कुणी आवाज चढवला की त्याचा हात आपसूक टोपीकडे जायचा.

डेकवर एनॉक पडेल चेहऱ्याने उभा होता. कप्तान खुर्चीत बसून चहा पीत होता.

“हा आमचा पळपुटा खलाशी आहे,” कप्तान म्हणाला. “नसेल, तर तो इथलाच म्हणून बायबलवर हात ठेवून शपथ घे, बाई.”

“आम्ही शपथ घेत नाही,” डॉर्कस म्हणाली. “रोज खरं बोलणाऱ्याला शपथ कशाला? तुला लागत असेल.”

तिच्याबरोबर वर आलेल्या लॅथमला ठसका लागला.

“मग नुसतं सांग. कुठे जन्मला हा?”

“त्याच्या आईच्या बाळंतपणाला मी नव्हते. तिलाच विचार.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कप्तानाने कप आपटला. “आरमारात राहिलेला माणूस लपत नाही. त्याचं अंगच बोलतं!” तो ताडकन उठला आणि एनॉकच्या कानाशी गरजला, “टोपी काढ!”

डेकवरच्या यच्चयावत खलाशांच्या टोप्या खाली आल्या. एनॉकचाही हात उठला. बोटं टोपीच्या काठाला लागली. मग एनॉकने तोच काठ धरून टोपी कानांपर्यंत खाली ओढली.

“ओरडू नकोस,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “तूही माणूस, मीही माणूस. टोपी कसली काढू?”

कप्तानाने टोपी उडवून लावली. डॉर्कसने ती उचलली, झटकली आणि नवऱ्याच्या डोक्यावर नीट बसवली. कप्तानाने पुन्हा उडवली; तिने पुन्हा बसवली. शिडाजवळच्या एका खलाशाने हुकमाची वाट न बघता आपली टोपी डोक्यावर चढवली. मग दुसऱ्याने. कप्तानाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“घेऊन जा याला!” तो खेकसला. “माझ्या माणसांना असलं खूळ लागायला नको. पळपुट्यात एवढी धमक नसते.”

होडी जहाजापासून दूर गेल्यावर एनॉकला रडू कोसळलं.

“हात टोपी काढायलाच निघाला होता गं.”

“मी पाहिलं,” डॉर्कस म्हणाली आणि तिने एक वल्हं त्याच्याकडे सरकवलं. “आता तो हात इकडे लाव. लॅथम दमलाय.”