मीटरात तेरा, मीटरात पंधरा

दुष्काळाचं दुसरं वर्ष. वैजापूरकडचं गाव सोडून भिकन बायको बानाबाई, पोरगी आणि नऊ शेळ्या घेऊन चिकलठाण्याच्या नव्या प्लॉटिंगमध्ये येऊन पडला होता. चार भिंती उभ्या राहिल्या, पण छप्पर काही होईना. उन्हात भाकरी थापून थापून बानाबाईला वीट आला.

"दुपारच्या यष्टीआधी पत्रे चढले तर ऱ्हाते," ती म्हणाली, "नायतर चालले भावाकडं."

भिकनला घाम फुटला. अहो, ती गेली तर शेळ्यासुद्धा त्याचं ऐकणाऱ्या नव्हत्या!

लाटालाटांचे पत्रे तर आणलेले होते. अर्धे शहागंजच्या बाजारातून, अर्धे भंगारातून. शेरडं पारखावीत तसेच त्यानं ते पारखले: पाठीवरून हात फिरवला, टिचकी मारली, व्हय म्हणाला. आता एकाची कड दुसऱ्यावर चढवली, तर पहिली लाट बसे आणि दुसरी डोकं वर काढी. शेजारचा सांडू वर चढून बसला. पत्रा दबला. तो उतरला की पत्रा पुन्हा वर.

"मंग मी पावसाळाभर हितंच बसू का?"

"कोन्ता पावसाळा?" भिकन खेकसला.

तेवढ्यात अक्षदा कॉलेजातून आली. पोरगी फिजिक्स शिकत होती. तिनं टेप लावून लाटा मोजल्या.

"आबा, ह्याच्यात मीटरात तेरा लाटा, त्याच्यात पंधरा. तरंगसंख्या येगळी हाय."

"लांबी सारखी, रुंदी सारखी, उंची सारखी! मी सोता बघितलं!"

"पन एका मीटरात लाटा किती, ते मोजलं का? तीच तरंगसंख्या. सेकंदात किती, ते मोजलं तर वारंवारता. उजेडाला बी तरंगसंख्या असते. तिथं मीटरात वीस लाख लाटा."

"बापरे! त्याचे पत्रे कोन बसवतं?" सांडूनं विचारलं.

अक्षदानं तेराचे पत्रे एकीकडं लावले, पंधराचे दुसरीकडं. बसले की गुमान! फक्त तेरावर पंधरा चढेना, म्हणून दोन्हींच्या मधी वीतभर फट राहिली, आणि यष्टीला उरली दहा मिनिटं. भिकननं भीतभीत बायकोकडं पाहिलं.

बानाबाई आत आली. मान वर करून तिनं सगळं नीट न्याहाळलं.

"तेराखाली मी आन् अक्षदा. पंधराखाली शेळ्या."

"आन् मी?"

तिनं जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडं बोट केलं.

भिकननं बाज ओढून तिथं टाकली आणि तो तोंडावर ऊन घेत खुशाल हसत पडला. बायको राहिली होती.