पेटीतले एकवीस लाडू

माधवनगरातल्या एका बंद गिरणीच्या शेडात बसगाड्या दुरुस्त करायला शिकवणारा सहा महिन्यांचा फुकट वर्ग चालायचा, आणि रहिमतबीची नात अर्फा तिथं शिकत होती. फी नाही, वर दुपारचं जेवण, निळा डगला आणि वापरायला हत्यारांची लोखंडी पेटी. पास होईल त्याला लगेच गाड्यांच्या आगारात काम. रहिमतबीला यातलं काहीच पटलेलं नव्हतं. कडेगावात चाळीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरलेली बाई ती. फुकट कुणाची टाचणी घेतली नव्हती. पण पोरगी हटून बसली, आणि हा हट्ट कुणाकडून आलाय ते घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं कुणी तोंड उघडलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अर्फा बोलता बोलता म्हणाली, की उद्या पेटी परत द्यायची. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी न्हाणीत गेल्यावर रहिमतबीनं पेटी उघडली. घेतलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढं तिला कुणी शिकवायला नको होतं. आत पाने, पकडी आणि बोटभर ग्रीस. पेटी त्यांची खरी, पण हत्यारं कारागिराची. तिचा नवरा चांदसाहेब सुतारकाम करायचा, त्याचा रंधा कधी कुणी मागायला आलं होतं? तिनं हत्यारं काढून चिंचेच्या पाण्यात टाकली, पेटीत धुतलेलं फडकं अंथरलं, शेंगदाण्याचे एकवीस लाडू रचले आणि कडी लावली.

अर्फाला पेटी हलकी लागली. सहा महिन्यांत दंडात बळ आलंय अशा समजुतीनं ती खूश होऊन एसटीत बसली.

पुढचं रहिमतबीला फोनवर कळलं. बाहेरून आलेल्या परीक्षक साहेबांनी पेटी उघडायला लावली, लाडू बघितले आणि ही लाच आहे म्हणून परीक्षाच थांबवली. पंचनामा लिहिला: शेंगदाणा लाडू, नग एकवीस, जप्त. संध्याकाळी तो वरच्या कचेरीत जाणार आणि अर्फाचं नाव कायमचं कटणार. पोरगी हुंदके देत होती. रहिमतबीनं तिला आधी नाक पुसायला सांगितलं, घासून लख्ख झालेली हत्यारं बांगड्यांच्या पिशवीत कोंबली आणि मिळेल ती एसटी धरली.

दीडच्या सुमारास ती खळाखळा वाजत शेडात शिरली. साहेब टेबलाशी ताठ बसले होते, शेजारी शिकवणारे महेंद्र सर मान खाली घालून. रहिमतबीनं भांड्याची रीत समजावून सांगितली. साहेब म्हणाले, रीत तुमच्या घरी. इथं नियम, आणि नियमानं ही लाचच.

रहिमतबीनं पिशवी खाली ठेवली. "आवं साहेब, लाच द्यायची असती तर तुपातला केला असता. ह्यो नुसता गुळाचा हाय. एवढ्या सस्त्यात तुमाला कोन इकत घ्यायचं?"

महेंद्र सरांना जोराचा ठसका लागला. साहेब लालबुंद झाले. पुरावा आहे म्हणाले, आणि बिराप्पा शिपायाला पेटी आणायला पाठवलं.

पेटी आली. आत सहा लाडू होते.

साहेबांनी दोनदा मोजले. बिराप्पा म्हणाला, मी एकच घेतला, पेटीची राखण करताना वास सहन होईना म्हणून. शिकाऊ पोरांनी अकरा उडवले होते. महेंद्र सरांनी दोन, कारण एकानं चवीचा अंदाज येईना. राहिलेला एक खुद्द साहेबांनी सकाळी तपासणीचा नमुना म्हणून घेतला होता, आणि त्याचा थोडा भाग अजून मिशीत होता.

आता कागदावर एकवीस, खाली सही साहेबांची. वर सहाच नेले तर पंधरा कुणी खाल्ले हे पहिलं त्यांनाच विचारलं जाणार. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, की संध्याकाळपर्यंत असेच पंधरा करून मिळतील का, पुराव्यापुरते.

"देती की करून," रहिमतबी म्हणाली. "पर साहेबानं मागितल्यावर द्यायचं, त्याला काय म्हनत्यात? मला शाळा न्हाई, तुमीच सांगा."

पंचनाम्याचे चार तुकडे झाले.

मग परीक्षा. उभ्या बसच्या ब्रेकची हवा कुठं गळते ते शोधून बंद करायचं होतं. अर्फा गाडीखाली गेली, नळीला साबणाचं पाणी लावलं, एका जोडावर बुडबुडे आले, तिनं लखलखीत पाना लावून तो आवळला. तरी हवेचा सुस्कारा चालूच. साहेबांनी पेन उचललं. रहिमतबीचं तोंड उघडलं होतं, पण महेंद्र सरांनी हात जोडले म्हणून तिनं ते मोठ्या कष्टानं मिटलं. अर्फानं डोळे मिटून कान लावला, सरपटत मागच्या चाकापाशी गेली आणि दुसरा जोड आवळला. सुस्कारा एकदम थांबला.

साहेबांनी फॉर्म भरला. पहिली आली का, असं रहिमतबीनं विचारलं. इथं नंबर नसतो, पास नाहीतर नापास, आणि ही पास, असं साहेबांनी सांगितलं. रहिमतबीनं कागद डोळ्यांजवळ धरला. वाचता येत नसलं तरी शब्द केवढा काढलाय ते दिसत होतं.

"येवढा बारीक? गाडी केवढी, आन तुमी ह्ये मुंगीवानी लिवलंय. वाईच मोठं काढा."

साहेबांनी कागद परत घेतला आणि तोच शब्द पुन्हा, ओळभर मोठा लिहिला.